क्लाउनफिशचा जोडीदार

डोंबिवलीच्या घरी टाकीत एकट्या उरलेल्या क्लाउनफिशला जोडीदार आणायचा, एवढ्यासाठी कल्पिता आणि तिचा नवरा प्रितम ठाण्याच्या खोपट डेपोतून एसटीने कोकणात आले होते. मादी मेल्यापासून टाकीतल्या नराने खाणं सोडलं होतं. हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात. मादी गेली की उरलेला नर हळूहळू मादी होतो. म्हणून आता त्याच्याहून लहान नर हवा होता.

होडीवाल्या राघोने होडी प्रवाळाच्या खडकापाशी नांगरली. ‘‘पानी फिराच्या आदी वर येवा हां,’’ तो म्हणाला.

प्रितमला पोहता येत नव्हतं. तरी लाइफ जॅकेट घालून तो खडकावर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. कल्पिताच्या कमरेला बांधलेल्या दोरीचं टोक त्याने मनगटाला गुंडाळलं.

कल्पिताने बुडी मारली. खाली हिरवट उजेडात एक समुद्रफूल आपली जाड बोटं हलवत पसरलं होतं. दुसऱ्या माशाला लागली तर जीव घेतील अशा त्या बोटांमध्ये दोन क्लाउनफिश लोळत होते, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवत. ती श्वास घ्यायला वर गेली, पुन्हा खाली आली. जाळी टाकली. लहान नर सापडला!

तोच मोठी मादी तिच्या मास्कवर आदळली. पुन्हा आदळली. समुद्रफुलाच्या बुंध्याशी खडकावर इवल्या अंड्यांचा थर होता आणि दुसरे मासे त्यावर तुटून पडत होते. अंड्यांना परांनी वारा घालणारा बाप तर जाळीत होता!

कल्पिताने जाळी उलटी केली. नर बाणासारखा सुटला, लुटारूंना हुसकावत अंड्यांवर जाऊन थांबला.

ओहोटी लागून पाणी फिरलं होतं. प्रवाहाने तिला उचललं. फेस, अंधार, खारट घोट. दोरी ताणली गेली, पण सुटली नाही.

राघोने दोघांना होडीत ओढलं तेव्हा प्रितमचा कोपर सोलला होता आणि मनगटावर दोरीचा लाल वळ उठला होता.

‘‘मिळाला?’’ प्रितमने विचारलं.

‘‘मिळालेला. सोडला. त्याची अंडी होती रे.’’

‘‘मग बरं केलंस,’’ तो म्हणाला. ‘‘ठाण्यात टाकीतच जन्मलेली पिल्लं मिळतात, तिथे बघू.’’

पुढच्या रविवारी बोटाच्या पेराएवढं पिल्लू घरी आलं. टाकीतल्या जुन्या माशाने त्याला दिवसभर पळवलं. संध्याकाळी मात्र दोघं एकाच कोपऱ्यात दिसले, आणि मोठ्या माशाने इतक्या दिवसांनी दाणा उचलला.