तीन नंबरची बरणी

पोहायला जायचं पक्कं झालं होतं. टॉवेल पिशवीत गेले होते, शेपूटने तर पाण्यातला चष्मा घरातूनच डोळ्यांवर चढवला होता. तेवढ्यात मावशी दारात उभी राहिली. सकाळचे दहा वाजले होते, आणि मावशी संध्याकाळी सहाच्या आत कधी घरी येत नसे.

“चार वाजता परत बोलावलंय,” चपला काढत ती म्हणाली. “एका कागदावर सही करायची आहे. माझ्या निष्काळजीपणामुळे संग्रहालयातलं जुनं निशाण खराब झालं, असं लिहिलंय त्यात. सही केली की माझं काम संपलं.”

ठिणगीने हातातली पिशवी जमिनीवर आपटली. बारा वर्षांच्या या मुलीला तिचं नाव उगाच पडलं नव्हतं. सुट्टीत ती, तिचा आठ वर्षांचा भाऊ शेपूट आणि तेरा वर्षांचा मावसभाऊ पंतोजी मावशीकडे राहायला आले होते. मावशी संग्रहालयात जुनी वस्त्रं दुरुस्त करायची. घरातला उसवलेला खिसा महिनाभर तसाच राहील, पण संग्रहालयातला एक धागा तिच्या हातून कधी वाया गेला नव्हता. अशा माणसाला निष्काळजी म्हणायचं म्हणजे हद्द झाली!

“आणि तू सही करणार?” ठिणगी ओरडली. “गप्प बसून?”

“निशाण माझ्याच हातात विरघळलं गं. रेशीम होतं, सव्वाशे वर्षांपूर्वीचं. कोणीतरी कधी काळी ते पिठाची खळ लावून जाड कापडावर चिकटवलं होतं. ती खळ सोडवायला मी एन्झाइमच्या कोमट पाण्यात निशाण ठेवलं, तर खळीबरोबर रेशमाच्याही चिंध्या झाल्या.” मावशीने डोळे पुसले. “आधी एका कोपऱ्यावर करूनही पाहिलं होतं. तेव्हा खळ सुटली आणि रेशीम जसंच्या तसं राहिलं. मग आठवड्यात असं काय झालं, देव जाणे.”

“देवाला कशाला मध्ये आणतेस?” पंतोजी म्हणाला. त्याला सुट्टीतही जाडजूड पुस्तकं लागत, म्हणून तो पंतोजी. “त्या आठवड्यात काय बदललं ते सांग.”

“काहीच नाही. पूड संपली म्हणून स्टोअरमधून नवी आणली, एवढंच. तीच होती. बरणीवर चिठ्ठी होती, एन्झाइम ३.”

“तीन आणि पुढे?”

“पुढे काही नाही. नुसतं तीन.”

पंतोजी ताडकन उठला. “मावशी, नुसतं तीन कसं असेल? प्रत्येक एन्झाइमला चार आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे काम कुठल्या जातीचं. असे सात वर्ग आहेत. तिसऱ्या वर्गातले सगळे पाण्याच्या मदतीने मोठे रेणू तोडतात. पण काय तोडतात, ते पुढचे आकडे सांगतात. तीन-दोनवाले पिठातल्या साखरेच्या कड्या तोडतात, म्हणजे तुझी खळ. तीन-चारवाले प्रथिनं तोडतात.”

“आणि रेशीम?” शेपूटने विचारलं.

“प्रथिन,” मावशी हळूच म्हणाली, आणि मटकन खुर्चीत बसली.

ठिणगीला आता नुसता राग येत नव्हता, तिचे कान तापले होते. ती थेट स्टोअरकडे निघाली. पंतोजीने तिला जिन्यातच गाठलं. “तिथे जाऊन भांडलीस तर ते बरणी लपवतील. तोंड मिटून चल.”

“मला जमणार नाही.”

“मग शेपूटला बोलू दे.”

स्टोअर संग्रहालयाच्या मागच्या अंगाला होतं. स्टोअरवाले काका म्हणजे टापटिपीचा कळस. सगळ्या बरण्या एका मापाच्या, सगळ्या चिठ्ठ्या एका रंगाच्या, आणि त्यावर मोत्यांसारखं अक्षर. शेपूट डोळ्यांवर चष्मा तसाच ठेवून म्हणाला, “काका, तुमचं अक्षर काय छान आहे. माझं पाहून बाई रडतात.”

काका खुलले. “महिन्यापूर्वी सगळं स्टोअर नव्याने लावलं. काय पसारा होता! आता हे एन्झाइमच घे. दोन अर्ध्या बाटल्या, दोन्हीत तसलीच पांढरी पूड, दोन्हींवर तीनच. तीन पॉइंट अमुक, तीन पॉइंट तमुक. पॉइंटनंतरचं कोण लिहीत बसणार? दोन्ही एका बरणीत ओतल्या. जागा वाचली.”

ठिणगीने स्वतःच्या दंडाला कचकन चिमटा काढला, म्हणून तिचं तोंड बंद राहिलं.

“आणि त्या बाटल्या?” शेपूटने विचारलं.

काकांनी खिडकीकडे बोट दाखवलं. दोन तपकिरी बाटल्यांत पाणी घालून त्यांनी वेल लावले होते. कडेला जुनी छापील लेबलं अजून चिकटलेली होती. एकावर ३.२.१.१ आणि दुसरीवर ३.४.२१.६२.

“काका, हे वेल मला द्याल? मी रोज पाणी घालीन.”

“ने की, दोन्ही ने,” काका प्रेमाने म्हणाले.

बाहेर येताच ठिणगीने भिंतीवर एक लाथ मारली, मग जरा बरं वाटलं तिला.

“पण एवढ्याने भागणार नाही,” पंतोजी म्हणाला. “निशाण त्याच बरणीमुळे गेलं, हे दाखवायला हवं.”

इथे मावशीची सवय कामी आली. वापरलेल्या प्रत्येक पाण्याची एक कुपी ती तारीख घालून संग्रहालयातल्या फ्रिजमध्ये जपून ठेवायची. हिलाच निष्काळजी म्हणत होते! ती दोन्ही कुप्या घरी घेऊन आली. एक कोपऱ्याच्या चाचणीची, एक निशाणाची. तिने तिघांना हातमोजे घालायला लावले आणि दुसऱ्या कुपीतलं थोडं पाणी वेगळं काढून खळखळ उकळलं.

“उकळायचं कशाला?” ठिणगीने विचारलं.

“एन्झाइमचं सगळं काम त्याच्या आकारावर चालतं,” पंतोजी म्हणाला. “त्याला एक खाच असते. ठरलेला रेणू खाचेत बसला की तोडायचा, सोडायचा, पुढचा घ्यायचा. स्वतः झिजत नाही, म्हणून चिमूटभर पुरते. उकळलं की खाचच बिघडते. मग उकळलेल्या पाण्यात काही झालं नाही, तर काम एन्झाइमचंच होतं हे नक्की.”

आधी खळ. दोन्ही कुप्यांचं पाणी थोड्या थोड्या खळीत घातलं, वाट पाहिली, आयोडीनचा थेंब टाकला. खळ असती तर थेंब निळाकाळा झाला असता. दोन्हीत झाला नाही. दोन्ही पाण्यांनी खळ खाल्ली होती. मग लाल जेली, कारण जेली प्रथिनाची. तीन वाट्यांत तीन तुकडे. उकळलेलं पाणी गार व्हायच्या आतच शेपूटने तुकडा टाकला, आणि तो उष्णतेनेच वितळला.

“शेपट्या!” ठिणगी किंचाळली. “घड्याळात बघ जरा!”

पुन्हा उकळा, पुन्हा गार करा. साडेतीन वाजेपर्यंत ठिणगी वाट्यांसमोरून हलली नाही. चाचणीच्या पाण्यात तुकडा टणक होता. उकळलेल्या पाण्यातही टणक. निशाणाच्या पाण्यात मात्र तुकडाच नव्हता, नुसतं पातळ लाल पाणी.

चार वाजता संग्रहालयाच्या संचालिकाबाईंच्या टेबलावर तो कागद तयार होता. “मुलांनी बाहेर थांबावं,” त्या वर न बघता म्हणाल्या. “आणि उद्या दुसरं निशाण भिजत घालायचंय, त्यामुळे लवकर आटपू या.”

“त्याच बरणीतली पूड घालून?” ठिणगीने विचारलं, आणि वाट्यांचा ट्रे सरळ त्या कागदावरच ठेवला. “घाला. मग उद्या कोणाची सही घेणार?”

बाईंनी वर पाहिलं. पंतोजीने आकडे समजावले, शेपूटने वेलांच्या बाटल्या मांडल्या. बाईंनी एकेक वाटी उचलून तिरकी केली. तिसरी वाटी त्यांनी बराच वेळ हातात धरली, आणि मग स्टोअरवाल्या काकांना बोलावून घेतलं.

“पण दोन्हींवर तीनच होतं,” काका म्हणाले. मग लेबलांवरचे पुढचे आकडे ते बोटाने एकेक करून वाचू लागले.

“शाबास, मुलांनो,” बाई म्हणाल्या. “खरंच शाबास. एवढा विचार आमच्यापैकी कोणी केला नाही.”

“शाबासकी राहू दे,” ठिणगी म्हणाली. “वीस वर्षं काम करणाऱ्या माणसाला एकदा विचारलंतही नाही तुम्ही. नुसता कागद टाइप केलात.”

बाईंनी ट्रेखालचा कागद ओढून काढला आणि त्याचे चार तुकडे केले. मग उठून मावशीसमोर आल्या. “चुकलं माझं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“हो, हवं होतं,” मावशी म्हणाली. ती पहिल्यांदाच ताठ उभी होती. “ते निशाण आता परत येणार नाही. ती बरणी आजच्या आज बाद करा. आणि नव्या बाटल्यांवर चारही आकडे मी माझ्यासमोर लिहून घेणार.”

काकांनी मान हलवली आणि खिशातलं पेन काढलं.

निघताना बाई हसून म्हणाल्या, “तुमची भाची फार चिडकी आहे हो.”

“आहे,” मावशीने ठिणगीचा हात घट्ट धरला. “आमच्या घरात एवढी वर्षं कोणी चिडलंच नव्हतं.”