तीन एरियलच्या मधोमध

ही घटना खरी आहे. साल १९६२, एप्रिल महिना, मुकुटबनच्या पुढचा माळ. रात्र नव्हती... लख्ख ऊन होतं. मधुसूदनच्या वहीत त्या दिवसाच्या वेळा आजही आहेत.

यवतमाळचा मधुसूदन नुकताच बी.एस्सी. झाला होता. रेडिओचा संदेश कुठल्या दिशेनं आला, ते सांगणारं यंत्र तो जुळवत होता. माळावर त्रिकोणात तीन एरियल. बरोबर मधल्या तंबूत तीन रिसीव्हर. दूरचा संदेश एका एरियलला आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित उशिरा. त्या फरकावरून दिशा कळते. पण प्रत्येक रिसीव्हरचा ऑसिलेटर, म्हणजे त्याची लहर ठरवणारा भाग, आपापल्या मर्जीनं सरकायचा आणि हिशेब चुकायचा. म्हणून त्यानं तिघांत मिळून एकच ऑसिलेटर जोडला.

"तीन कानाले एकच डोकं लावलं का साहेब?" त्याचा मदतनीस, जवळच्या बंजारा तांड्यावरचा भीमसिंग हसला.

"तू बटण दाब, डोकं मी चालवतो."

सकाळी सातला भीमसिंग पाठीवर ट्रान्समीटर घेऊन जंगलात शिरला. दर तासाला खूण द्यायची. दोन आखूड, एक लांब. त्याला तेवढंच येत होतं.

नऊ वाजले. एकही खूण नाही.

बारा...

चारला त्याची बायको मानीबाई आली. खाटेवर टेकली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे.

"हरिसिंगचे बाप कोन्या दिशेले हायेत, तेवढं सांगा साहेब."

बाहेर ड्रायव्हर देवीलाल जीप घेऊन त्याच उत्तरासाठी थांबला होता.

चार बत्तीस.

दोन आखूड... एक लांब.

मधुसूदननं झडप घालून वेळेतला फरक दाखवणारा काटा पाहिला. शून्य. फरकच नाही!

सामाईक ऑसिलेटरमधून आवाज इकडचा तिकडे झिरपतोय का? त्यानं एक एरियल काढलं. तेवढाच रिसीव्हर मुका झाला. परत जोडलं. यंत्रात दोष नव्हता.

मग तिन्ही एरियलपासून सारखं अंतर असलेली जागा एकच...

"काय म्हन्ते काटा?"

"इथं," तो पुटपुटला. "तंबूत."

मानीबाई उठली. खाट मोकळी करून खाली बसली. नवऱ्यासमोर ती खाटेवर बसत नसे.

"कवा आले?" तिनं रिकाम्या खाटेला विचारलं.

ठेका बदलला.

आखूड... लांब, लांब... आखूड. भीमसिंगला कुणी कधी न शिकवलेलं काहीतरी... भराभर...

मधुसूदननं ऑसिलेटरची तार उपटली. तिन्ही रिसीव्हर एकदमच गप्प.

"काहून तोडलं, साहेब?" मानीबाई म्हणाली. "सांगून राह्यले होते ना ते."

त्यानं तार पुन्हा जोडली. नुसती खरखर. शेवटी त्यानं देवीलालला अंदाजानंच दक्षिणेला पाठवलं.

भीमसिंग दुसऱ्या दिवशी पूर्वेच्या नाल्यात सापडला. कड्यावरून पडला होता. ट्रान्समीटरचा त्याच्याखाली चुरा झाला होता. डॉक्टर म्हणाले, पडला सकाळीच... पण जीव दिवस मावळेपर्यंत होता.

म्हणजे चार बत्तीसला तो जिवंत होता.

ट्रान्समीटर फुटलेला, तरी तो काहीतरी सांगत होता. कदाचित जागा.

आणि ते उमजू शकणारा तंबूत एकच होता... त्यानंच तार उपटली.