न उघडलेलं इंजिन

फोनवरची ती गाडी परत एकदा दाखव बघू. हं. निळी, टर्बोवाली, सव्वीस वर्षांची. आणि विकणारा म्हणतोय, इंजिन नुकतंच नवं बांधलंय. कुणी बांधलं, तुम्ही पाहिलंत का? नाही ना. मग बसा जरा. वीज काही एवढ्यात येत नाही आणि कणसंही अजून भाजायचीत. गाडी उद्या घ्या, हवी तर. आज गाथोगोचं काय झालं ते ऐका. त्यातलं बरंचसं त्यानं मला सांगितलं. शेवटचं मात्र मी स्वतः पाहिलंय, इथंच, या गॅरेजात.

गाथोगो म्हणजे आपल्या लिमुरूच्या डेअरीत दूध थंड ठेवायच्या टाक्या दुरुस्त करायचा, तो. सरळ माणूस. हौस म्हणाल तर एकच. शाळेत असताना तो आणि त्याचा मित्र म्बुथिया रॅलीच्या गाड्या बघायला चिखलात तासन्‌तास उभे राहायचे. अंगावर चिखल उडाला की खूश. तेव्हापासून दोघांचं ठरलं होतं, मोठं झाल्यावर असली गाडी घ्यायचीच. पुढे म्बुथिया मेकॅनिक झाला. गाथोगोच्या लग्नात तोच पुढे होता. गाथोगोला मुलगी झाली, मुंबी, तेव्हा बाप्तिस्म्याला चर्चमध्ये तिला हातात धरून उभा राहिला तोही म्बुथियाच.

गाडी शेवटी म्बुथियानंच शोधून दिली. जपानात वापरून इकडे आलेली, एकोणीस वर्षांची. गाथोगो त्याला म्हणाला, "दिसायला झकास आहे. पण माझी पोर हिच्यात बसणार. आधी इंजिन उघड, आतली बेअरिंगं बदल, मगच मी घरी नेतो."

बरोबरच होतं त्याचं. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, ताकद वाढते, आणि त्या ताकदीचा सगळा मार आतल्या चार बेअरिंगांवर बसतो. बोटभर रुंदीचे पातळ, वाकवलेले पत्रे असतात ते. त्यांच्यावर तेलाचा पापुद्रा आहे तोवर इंजिन जिवंत. आधीच्या मालकानं वेळेवर तेल बदललं की नाही, गाडी दामटून आल्यावर मिनिटभर तशीच चालू ठेवून मग बंद केली की नाही, हे गाडी काही सांगत नाही. वीस वर्षांनी एके दिवशी एकदमच सांगते.

म्बुथियानं गाडी तीन आठवडे ठेवून घेतली. परत दिली तेव्हा सोबत कागदात गुंडाळलेली जुनी बेअरिंगं दिली, झिजून तांबं दिसायला लागलेली. म्हणाला, "हे बघ तुझ्या गाडीच्या पोटातून काय निघालं ते. आता दहा वर्षं डोळे मिटून चालव." गाथोगोनं त्यातलं एक घरी दिवाणखान्यात फळीवर ठेवलं. आल्यागेल्याला दाखवायचा.

त्यानंतर चार महिन्यांनी, २०१९ साली, ऑगस्टची तेवीस तारीख. शुक्रवार. सोमवारी शाळा उघडणार होती आणि मुंबी नैवाशाला मावशीकडे होती. तिला आणायला गाथोगो कामावरून परस्पर निघाला. लिमुरू सोडलं तेव्हा सात चाळीस झाले होते. थंडी मरणाची, धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. घाट उतरायला लागला. पुढे एक ट्रक होता, त्याच्या लाल दिव्यांमागे तो आपला सावकाश चालला होता.

मेंढीच्या कातड्याच्या टोप्या विकणारे बसतात ना, त्या बंद दुकानांपाशी त्याला एक माणूस दिसला. मेकॅनिकचे कपडे, अंगात स्वेटर नाही. गाथोगोनं ओळखलं आणि गाडी बाजूला घेतली.

"अरे, इथं काय करतोयस? बायकोनं हाकललं की काय?"

म्बुथिया दार उघडून आत बसला.

"चल नैवाशाला. मावशीनं बटाटे-मका घालून मुकिमो घोटलाय. मुंबी तुला सोडायची नाही, ताटभर खायला लावेल."

म्बुथिया समोर बघत होता.

"बरं वाटत नाहीये का?"

त्यानं हात पुढे केला आणि रेडिओ बंद केला. डॅशबोर्डच्या उजेडात गाथोगोला तो हात दिसला. वीस वर्षं त्या नखांतलं काळं कधी निघालं नव्हतं. लग्नातसुद्धा. आता हात स्वच्छ होता. नखं पांढरी.

"एवढे हात कशानं धुतलेस?"

"मी नाही धुतले... त्यांनी धुतले."

"कुणी?"

...

एक वळण गेलं. दुसरं गेलं. गाथोगोनं हीटर वाढवला, पण गाडी तापेना.

"थांबव," म्बुथिया म्हणाला.

"इथं? मागून ट्रक येतायत."

"थांबव, गाथोगो."

रस्त्याच्या कडेला जरा रुंद जागा होती, तिथं त्यानं गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. म्बुथियानं मान तिरकी केली, ऐकताना तो करायचा तशी. मग गाथोगोलाही ऐकू आलं. अगदी बारीक. पत्र्यावर नखानं टिचक्या माराव्यात तसं.

"थंडीनं असेल," गाथोगो म्हणाला. "तूच म्हणाला होतास ना, जुन्या टर्बोचा आवाज असाच असतो."

"म्हणालो होतो."

"मग?"

"मी उघडलंच नव्हतं."

"काय?"

"इंजिन. उघडलंच नव्हतं. जाड तेल भरलं, आवाज दबला. बाहेरून धुऊन दिलं."

"आणि ती बेअरिंगं? कागदात गुंडाळून दिलीस ती?"

"दुसऱ्या गाडीची."

गाथोगो मला म्हणाला, तोवर त्याला भीती अशी वाटलीच नव्हती. हे ऐकल्यावर वाटली. चार महिने हा माणूस दर रविवारी त्याच्या घरी जेवत होता. फळीवरचं ते बेअरिंग पाहुणे हातात घ्यायचे, तेव्हा हा शेजारीच बसलेला असायचा. चहा पीत.

"का केलंस?"

"इंजिन खाली काढायचं म्हणजे चार दिवस. आधी दुसरी कामं आली. मग तू रोज फोन करायला लागलास. मग म्हटलं... चालतेय तर चालू दे."

"एवढंच?"

"एवढंच."

काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, असं गाथोगो म्हणायचा. भांडण, हेवा, काहीही. कंटाळा केला म्हणून एखादा असं करतो, हे कुठे ठेवायचं तेच त्याला कळेना.

"तू जिथं बसलायस ना, तिथं मुंबी बसते."

"माहीत आहे. म्हणून आलो."

"उतर."

म्बुथिया हलला नाही. "दहा मिनिटं दे मला."

"उतर म्हणतो ना."

"दहाच मिनिटं."

शेवटी गाथोगोच उतरला. त्याच्याकडे बघवेना. वीसेक पावलं पुढे गेला आणि कठड्याला हात टेकून पाठ करून उभा राहिला. खाली दरी. धुक्यात काही दिसत नव्हतं.

मागे बॉनेट उघडल्याचा आवाज आला.

मग पान्ह्याचा.

गाथोगो ऐकत राहिला. लोखंडावर लोखंड. नट सैल होताना करकरतो, तसं. टॉर्च पेटलेली नव्हती. त्याच्या पायापुढे उजेड पडला नव्हता.

आणि मग त्याच्या लक्षात आलं...

इंजिन चालू होतं.

बंद झालंच नव्हतं. आतलं काही काढायचं तर इंजिन बंद करावं लागतं. खाली उतरवावं लागतं. दोन भाग करावे लागतात. आणि इथं ते चालू होतं. एका लयीत. आणि पान्हा फिरत होता.

त्याला वळायचं होतं. मान वळेना.

एक ट्रक गेला. हॉर्न नाही, काही नाही.

पान्हा थांबला.

...

वळला तेव्हा बॉनेट लागलेलं होतं. गाडीत कुणी नव्हतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यानं हाक मारली, एकदा. मग नाही मारली.

आत बसून ऐकलं. टिचक्यांचा आवाज नव्हता.

घड्याळात आठ एकतीस.

तिथून घाटाखालच्या माई माहियू गावापर्यंत तो पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरला. शेजारच्या सीटकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. घाटात फोनला रेंज नव्हती. खाली पेट्रोल पंपाच्या दिव्यांपाशी रेंज आली आणि फोन वाजायलाच लागला. म्बुथियाची बायको, वांगेची.

"भाऊजी, कुठे आहात तुम्ही? किती वेळ झाला फोन लावतेय."

"काय झालं?"

"सकाळी छातीत कळ आली म्हणाले. नाकुरूच्या दवाखान्यात नेलं त्यांना. भाऊजी... गेले हो ते."

"कधी?"

"संध्याकाळी, सहा वाजून दहा मिनिटांनी."

"कधी म्हणालात?"

"सहा दहाला. मी होते तिथं. नंतर मीच नर्सबाईंबरोबर त्यांना धुतलं. हात किती घासले, भाऊजी. लग्न झाल्यापासून असे स्वच्छ कधी पाहिले नव्हते मी."

गाथोगोनं गाडी पंपावरच सोडली. भाड्याच्या व्हॅननं नैवाशाला गेला आणि दुसऱ्या दिवशी मुंबीला व्हॅननंच घेऊन आला. गाडी कुठाय, असं तिनं विचारलं तर म्हणाला, बिघडलीय.

मातीला गावातले सगळे होते. मीही होतो. सगळ्यात जवळचा मित्र म्हणून गाथोगोला बोलायला उभं केलं. माईक हातात घेऊन तो मिनिटभर उभा राहिला आणि काही न बोलता खाली बसला. दुःखानं बोलवत नसेल, असं लोकांना वाटलं. वांगेची उठून त्याच्याजवळ आली, त्याचा हात धरून रडली. तिला त्यानं कधीच काही सांगितलं नाही. मला नंतर म्हणाला, "शिव्या द्याव्यात तर तो मेलेला. चांगलं बोलावं तर जीभ उचलत नव्हती."

सप्टेंबरात गाडी ओढून माझ्याकडे आणली. म्हणाला, "उघड. मी समोर बसतो." चार दिवस तो त्या तिथं, टायरवर बसून होता. एका मिनिटासाठीही हलला नाही. डबा इथंच मागवायचा.

इंजिन खाली काढलं. या गाडीच्या इंजिनाचे दोन अर्धे एकमेकांना चिकटवलेले असतात, मधे कंपनीच्या राखाडी गोंदाची पट्टी. एकदा कापली की तशी परत लागत नाही, कुणी काहीही केलं तरी. उघडलेलं इंजिन आम्हाला लांबूनही कळतं. ही पट्टी मूळचीच होती. मी बोट फिरवून बघितली, सगळीकडून. म्हणजे म्बुथिया त्या रात्री खरं तेच बोलला होता. मी गाथोगोकडे बघितलं. त्यानं नुसती मान हलवली.

मग आतलं काढलं. पहिलं बेअरिंग, झिजून तांबं. दुसरं तसंच. चौथं तसंच. तिसऱ्याजवळ क्रँकचा, म्हणजे बेअरिंगांत फिरणारा, दांडा तापून निळा पडलेला. ते बेअरिंग केव्हाच फुटायला हवं होतं. त्या रात्रीच परतीचा घाट चढताना फुटलं असतं, शेजारी पोर बसलेली असताना. ते काढलं आणि मी तसाच थांबलो.

नवं होतं. कोरं. ओरखडा नाही, डाग नाही. कपड्यानं पुसलं तर त्यात माझा चेहरा दिसला.

गाथोगोनं ते हातात घेतलं. कितीतरी वेळ बघत बसला. मला वाटलं, आता रडेल.

"चारातलं एकच बदललं त्यानं," तो म्हणाला. "तिथंही कंटाळाच केला."

हसला नाही. ते बेअरिंग त्या बाकावर ठेवलं आणि घरी गेला. गाडी न्यायला तो परत आला नाही.

ती पट्टी मी कापली होती, पोरांनो. मीच, या हातांनी. त्याआधी या टोकापासून त्या टोकापर्यंत ती कुठेही तुटलेली नव्हती.