काळविटाच्या शिंगावरची किल्ली

“अहो, जरा किल्ली ठेवता का? आमच्या भीमाताई येतील, त्यांना द्या.”

एवढं बोलून मी किल्ली समोरच्या गृहस्थांच्या हातात दिली आणि जिना उतरायला लागले. पाच-सहा पायऱ्या उतरल्यावर आठवलं – आपण डोंबिवलीत नाही! आपण सौराष्ट्रातल्या एका राजवाड्यात आहोत. राजवाड्याचं आता हॉटेल झालंय, आणि किल्ल्या घ्यायला खाली काउंटरवर फेटा बांधलेला माणूस उभा आहे. मी मात्र खोलीची किल्ली शेजारच्या दारातल्या माणसाला देऊन आले होते, ज्याचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं.

मागे वळून पाहिलं. ते तिथेच उभे होते. पांढरे केस, तपकिरी स्वेटर, आणि तळहातावर ती वीतभर लांबीची पितळी किल्ली.

“ठेवतो की,” ते मराठीतच म्हणाले. “पण भीमाताईंना ओळखायचं कसं?”

“जिन्यापासून ज्यांचा आवाज येईल... त्याच.”

“मग सोपं आहे.”

मी एकतीस वर्षं कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. चेहरे विसरते, आवाज विसरत नाही. हा आवाज सावकाश होता, शेवटच्या शब्दावर किंचित थांबणारा. मी बागेत मोर पाहत होते, पण कानात तोच.

किल्ली अशी कुणाच्याही हातात देण्याची सवय मला रंगूबाईंनी लावली. डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या इमारतीत माझी किल्ली त्यांच्याकडे आणि त्यांची माझ्याकडे. तेहतीस वर्षं. दोघींच्या दाराच्या आत त्यासाठी एकेक खिळा होता. मुलांनी शाळेतून यायचं, शेजारची किल्ली मागायची आणि किल्लीबरोबर हातावर काहीतरी खाऊ मिळायचा. दोन वर्षांपूर्वी इमारत पाडली. रंगूबाई खडवलीला लेकाकडे गेल्या. मी डोंबिवलीतच मानपाड्याला नवव्या मजल्यावर भाड्याने आले. तिथे शेजाऱ्याचं नाव मला त्याच्या पार्सलवर वाचून कळलं. तेव्हापासून किल्ली माझ्या पर्समध्येच असते. ती कुणाला द्यावी, असं कुणी उरलंच नव्हतं.

माझी लेक पायल म्हणाली, “आई, एकदा तरी राणीसारखी राहा,” आणि तिने या राजवाड्यातले तीन दिवस बुक केले. सोबतीला माझी मोठी नणंद, भीमाताई. खोली मोठी, पलंगाला चढायला लाकडी पायरी, आणि किल्ली मात्र एकच.

मी परत आले तेव्हा शेजारचं दार उघडंच होतं.

“भीमाताई आल्या होत्या?”

“आल्या, बोलल्या, चहा पिऊन कारंजं बघायला गेल्या. किल्ली न्यायला विसरल्या.” ते हसले. “खूप शोधलं, पण एवढ्या मोठ्या राजवाड्यात एक खिळा मिळेना. शेवटी याला सांगितलं सांभाळायला.”

भिंतीवर पेंढा भरलेलं काळविटाचं डोकं होतं. त्याच्या पिळदार शिंगाला माझी किल्ली लटकत होती आणि काळवीट अगदी जबाबदार चेहऱ्याने समोर पाहत होतं. मी हसले. इतकं, की दाराची चौकट धरावी लागली.

“मी कुंडलिक. ठाण्याचा, वर्तकनगरचा. जयभीम.”

“जयभीम. मी यशोधरा.”

त्यांची पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी यंत्रांना लागणारी हत्यारं घडवली, निवृत्त झाले. मुलीने, प्रीतीने, त्यांना इथे पाठवलं होतं. “खोली दोघांची, माणूस एक,” ते म्हणाले आणि लगेच चहाची किटली उचलून दुसरा कप शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाइड आम्हा पाहुण्यांना राजवाडा दाखवायला घेऊन गेला. चांदीच्या मुठीची छत्री, रंगीत काचांचा दरबार, महाराजांचे सत्तर जोडे. भीमाताई प्रत्येक वस्तूला विचारायच्या, “हे पुसतं कोण?” आरसेमहालात थंड फरशीवर आम्ही अनवाणी उभे होतो. मी एका आरशात हळूच कुंडलिकरावांकडे पाहिलं... तर ते दुसऱ्या आरशातून माझ्याकडेच पाहत होते. दोघांनीही घाईने वर झुंबराकडे पाहिलं.

“काय गं यशू,” भीमाताई म्हणाल्या, “झुंबर आवडलं वाटतं तुम्हां दोघांना?”

कुंडलिकरावांनी गाइडला विचारलं, “महाराज बाहेर गेले की किल्ली कुणाकडे ठेवायचे?”

गाइड गोंधळला. महाराजांना किल्ली कशाला? दारावर रात्रंदिवस पहारेकरी असायचे.

“बिचारे,” ते माझ्या बाजूला झुकून म्हणाले. “एवढं मोठं घर... आणि शेजार नाही.”

तीन दिवस माझी किल्ली काळविटाकडेच राहिली. काउंटरवरचा फेटेवाला विचारायचा, मी म्हणायची, “दिली आहे.” खरं तर आता भीमाताईसुद्धा सारख्या माझ्याबरोबरच असायच्या, किल्ली ठेवायची काही गरज नव्हती. पण मी दार लावायची, शेजारच्या दारावर टकटक करायची. आणि ते हात पुढे करायचे – मी अजून काही बोलायच्या आत.

निघायच्या सकाळी पोर्चमध्ये गाडी आली. ते सोडायला खाली आले. त्यांचा मुक्काम अजून एक दिवस होता.

“किल्ली?” त्यांनी हात पुढे केला.

“काउंटरवर दिली.”

“हो... बरोबर.” त्यांनी रिकाम्या हाताकडे पाहिलं. “म्हणजे आता माझ्याकडे तुमचं काहीच नाही.”

बोलायला हवं होतं. बोलले नाही. वय एकोणसत्तर, आणि जीभ सोळा वर्षांच्या पोरीसारखी टाळ्याला चिकटली. गाडी हलली. मोर ओरडत होते.

परतीच्या प्रवासात भीमाताईंनी डब्यातली शेंगदाण्याची चिक्की फोडत विचारलं, “नंबर दिलास का त्यांना?”

“कुणाला?”

“काळविटाला!”

मी खिडकीबाहेर पाहिलं. “नाही दिला.”

“एकतीस वर्षं लोकांचे नंबर जोडून देत होतीस, आणि स्वतःचा देता येईना?” मग आवाज खाली आला. भीमाताईंचा आवाज खाली येणं मी दोनदाच ऐकलंय. पहिल्यांदा त्यांचा भाऊ, माझा नवरा, गेला तेव्हा. “यशू, माझ्या भावाला जाऊन नऊ वर्षं झाली. तू त्याचं सगळं केलंस. आता तुला कुणी विचारलं, तर माझ्याकडे बघून नाही म्हणू नकोस.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चिक्कीचा मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. “आणि नंबर मी दिलाय. माणसाचा चहा फुकट प्यायला मी काय महाराणी आहे?”

पुढच्या आठवड्यात फोन आला. मग रोज येऊ लागला. महिन्याभराने, एका रविवारी सकाळी, ते मानपाड्याला आले. लिफ्ट बंद होती, नऊ मजले चढून आले आणि दारात श्वास घेत उभे राहिले. मी पाणी दिलं. ते खुर्चीत टेकले. मी पर्समधून किल्ली काढली. साधी, पातळ, बाजारातली. पितळेचा तो थाट तिला कुठला?

“ठेवता का जरा?”

त्यांनी ती तळहातावर घेतली आणि हळूच मूठ मिटली.

“ठेवली असती,” ते म्हणाले. “पण वर्तकनगरहून इथे यायला तास-दीड तास लागतो. तुम्ही बाहेर अडकलात, तर मी येईपर्यंत जिन्यात बसून राहाल.”

“हो ना. फार लांब पडतं.” माझा आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा स्वच्छ आला. आवाजाची मला सवय आहे. “मग... इथेच राहायला या.”

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. त्यांनी शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली आणि एक खिळा काढून टेबलावर ठेवला. जुना, जाड, डोक्याला चपटा झालेला.

“वर्तकनगरच्या घरातला आहे. आज सकाळी काढला.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, या वेळी आरसा मध्ये नव्हता. “हातोडी आहे का घरात?”

“भाड्याचं घर आहे. मालक ओरडेल.”

“ओरडू दे. कुठे ठोकू?”

मी उठले आणि दाराच्या आतल्या बाजूला, माझा हात सहज पोचेल अशा उंचीवर, बोट ठेवलं.