वळणावर बंद पडलेलं इंजिन

ओडेल पर्सेल वकील व्हर्ना हॅस्क्यूच्या कचेरीत आला आणि टोपी न काढताच खुर्चीत बसला. शर्यतीपासून झोपला नसावा. तिचा मदतनीस टोबी लेडफर्डने त्याच्यापुढे कॉफी सरकवली. टोबीला आताशा अशिलांचा कंटाळाच येई. जो तो येऊन सांगणार, माझा दोष नाही.

ओडेलचंही तेच होतं. वर्षातली सगळ्यात मोठी स्टॉक कार शर्यत, शेवटचा फेरा, त्यांचा ड्रायव्हर लाइल स्ट्राउड सर्वांत पुढे, आणि इंजिन बंद. पेट्रोल संपलं, असं लाइलने सांगितलं. गाडीत पेट्रोल भरणारा ओडेल. गाडीच्या मालकाने त्याला तिथूनच घरी पाठवलं.

“पेट्रोलचा डबा पुरता रिकामा झाल्याशिवाय मी टाकीतून काढतच नाही, मॅडम. आता या धंद्यात मला कोण उभं करेल?”

व्हर्नाने विचारलं, टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी कुठे असते?

“उजव्या कोपऱ्यात. लंबगोल ट्रॅकवर गाडी सारखी डावीकडे वळते ना, वळणात सगळं पेट्रोल उजवीकडे साचतं.”

टोबीला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मालक ग्रेडी मेब्री वैतागलेलाच होता. टाकीच्या तळाशी थोडं पेट्रोल निघालं, पण तेवढं नेहमीच उरतं म्हणाला. लाइलवर त्याचा पूर्ण विश्वास. गेल्या महिन्यात लाइल गाडीसकट ट्रॅकच्या भिंतीवर आदळला, तरी पुढच्या शर्यतीला हजर.

लाइलच्या घरी भर दुपारी पडदे ओढलेले होते. घरातही त्याने काळा चष्मा लावला होता. गार चहा ग्लासात ओतताना निम्मा टेबलावर सांडला.

“तिसऱ्या वळणात होतो,” तो म्हणाला. “दिवा मालवावा तसं इंजिन बंद पडलं. एक आचका नाही.”

संध्याकाळी व्हर्नाने तिघांना मालकाच्या गॅरेजमध्ये गोळा केलं.

“पेट्रोल संपत आलं की इंजिन सरळ रस्त्यावर आचके देतं. वळणात उलट सावरतं, कारण उरलंसुरलं नळीपाशी येतं. लाइलचं वळणातच गेलं, तेही एका दमात. इंजिन त्याने स्वतः बंद केलं.”

“हरायचे किती पैसे खाल्लेस?” मेब्रीने लाइलला विचारलं. टोबीच्याही मनात तेच होतं.

“दमडीही नाही,” व्हर्ना थकल्या आवाजात म्हणाली. “त्याला उजेड सोसत नाही, चहा ग्लासात पडत नाही. त्या धडकेपासून त्याला एकाचे दोन दिसतायत.”

लाइलने चष्मा काढला. डोळे लाल झाले होते.

“त्या वळणात दोन भिंती दिसल्या. खरी कुठली, कळेना, म्हणून इंजिन बंद केलं. खरं सांगितलं असतं तर परत गाडीत बसवलं असतंत?”

मग तो ओडेलकडे वळला.

“तुझ्यावर शेकेल असं वाटलं नव्हतं, ओडेल.”

“तुला वाटलं होतं,” ओडेल म्हणाला.

लाइलने मान खाली घातली.

मेब्रीने ओडेलला सोमवारपासून कामावर यायला सांगितलं. ओडेलने नुसती मान हलवली. नोकरी परत मिळालेला माणूस इतका उदास टोबीने पाहिला नव्हता, आणि त्याला स्वतःलाही फार वाईट वाटलं.

बाहेर लाइल आपल्या ट्रकच्या दाराशी किल्लीचं भोक चाचपत होता. ओडेलने हात पुढे केला. लाइलने मुकाट्याने किल्ली दिली आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.