आधी तोडा, मग घ्या

"ही नको," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली साखळी तिने सरळ काढूनच घेतली.

तो बिचारा दुकानात शिरून पुरता उभाही राहिला नव्हता. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात दारातच टांगलेली एक बारीक, चकचकीत साखळी... आणि समोर ही मुलगी. 'या' म्हणायच्या आधी 'नको' म्हणणारी!

"मग दारात टांगलीय कशाला?"

"काय घेऊ नये ते गिऱ्हाइकांना कळावं म्हणून."

तो हसला. आधी डोळ्यांनी, मग तोंडाने. हा क्रम तिने उगाचच लक्षात ठेवला.

घरात तिला सगळे किल्ली म्हणत. कुलपांच्या दुकानदाराची एकुलती एक लेक, शिवाय स्वभावाने चुणचुणीत. दुसरं काय म्हणणार? दुकान बापलेक दोघं मिळून चालवत. भिंतीवर बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'आमची साखळी लावलेली गाडी आजवर चोरीला गेलेली नाही.' या पाटीवर बाबांचा जीव होता. आणि काउंटरवर साखळ्या तोडायचा हातभर लांब बोल्ट कटर ठेवलेला असे, कारण दुकानाचा नियमच होता – आधी तोडा, मग घ्या.

"तोडा," किल्लीने कटर पुढे सरकवला आणि आतून एक जाडजूड साखळी आणून टाकली.

"मी? मी मोटरसायकल चोरायला नाही आलो हो, वाचवायला आलोय."

"चोरही असाच साधा दिसतो. तोडा."

त्याने बाह्या सरसावल्या. जोर लावला. कानापर्यंत लाल झाला. साखळीवर साधा ओरखडा उठला तेवढाच.

"चौकोनी कड्या आहेत, कटरचा जबडा निसटतो," ती फुशारक्या मारत म्हणाली. "आता ऐका. साखळी जमिनीला टेकू द्यायची नाही, टेकली की हातोड्याने फोडता येते. कुलपाचं तोंड खाली, म्हणजे पाणी शिरत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं—"

"तुम्ही बोलताना डावा डोळा जरा बारीक करता."

"...काय?"

"माफ करा, धंद्याची सवय. मी शाळाशाळांत फिरून मुलांचे डोळे तपासतो. काचांची पेटी मागे बांधायची आणि निघायचं. म्हणून तर गाडीला जपायचंय. गाडी गेली की माझं काम बसलंच." बोलता बोलता तो थोडा वाकला आणि त्याने तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं. "घाबरू नका, नंबर नाही दिसत. छान आहेत... म्हणजे, निरोगी आहेत."

किल्लीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हातातला किल्ल्यांचा जुडगा उगाच खुळखुळला.

"पिशवी... पिशवी देऊ का?" तिने विचारलं.

काही दिवसांनी तो परत आला. काउंटरपाशी उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं, भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"अजून एक... कुलूप हवं होतं," तो म्हणाला.

तिने त्याला ब्रेकच्या चकतीला लावायचं डिस्क लॉक दिलं. पुढच्या खेपेला त्याने हात लागताच बोंबलणारं कुलूप घेतलं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी एक साखळी, पहिलीहूनही जाड.

"रोज घेऊन फिरायला जड जाईल हं," किल्ली म्हणाली.

"सवय लागते माणसाला."

"साखळीची?"

"इथे यायची."

तो गेल्यावर बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढी कुलपं लोक तिजोरीला लावत नाहीत. हा तुझा डोळेवाला नक्की जपतोय तरी कशाला?"

"बाबा!" ती म्हणाली. पण दुपार कलली की तिची नजर रस्त्याकडे जायची, हे बाबांना दिसत होतं आणि तिलाही कळत होतं.

एकच गोष्ट खटकायची. 'गाडी दारात आणा, लॉक बसतं का बघते,' असं म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर – 'जरा लांब लावलीय.'

मग एके दिवशी ती दाराच्या शटरला तेल घालत होती. बारीक भुरभुर सुरू होती. कोपऱ्यावर बस थांबली आणि तीतून तो उतरला. खांद्यावर काचांची जड पेटी, दमलेला, भिजलेला. दिव्याच्या खांबाआड उभं राहून त्याने पिशवीतून हेल्मेट काढलं, डोक्यात घातलं, लगेच काढलं, केस जरा विस्कटले... आणि हेल्मेट हातात घेऊन, जणू आत्ताच गाडीवरून उतरलोय अशा थाटात दुकानाकडे चालू लागला.

किल्लीला हसावं की रागवावं तेच कळेना.

"गाडी कुठंय?" तिने दारातच अडवलं.

"जरा लांब—"

"बसथांब्याइतकी लांब?"

त्याने मान खाली घातली. हेल्मेटवरून पाणी ठिबकत होतं.

"चोरीला गेली," तो म्हणाला. "तुमच्याकडून साखळी नेली, त्यानंतर लगेचच."

तिने दचकून विचारलं, "आमची साखळी तुटली?"

"छे! साखळीला काही झालं नाही. परत आलो तर खांब होता, साखळी होती, कुलूप होतं, पुढचं चाकही होतं. बाकीची गाडी नव्हती."

"साखळी चाकातून घातली होतीत?"

"हो. चूक माझीच. तुम्ही सांगितलं असणारच, पण मी... ऐकत नव्हतो. तुमच्याकडे बघत होतो." एवढं बोलून तो स्वतःच दचकला, पण मग थांबलाच नाही. "सांगायलाच आलो होतो हो त्या दिवशी. पण ती पाटी दिसली. म्हटलं, माझ्या वेंधळेपणापायी तुमच्या बाबांचं नाव का जावं? तोंडातून निघून गेलं, कुलूप द्या. आणि मग येतच राहिलो."

आत बाबांची खुडबुड थांबली होती. गप्प बसणं अगदी सोपं होतं. तो दोष स्वतःच्या डोक्यावर घ्यायला तयारच होता. पाटी राहिली असती, बाबांचा शब्द राहिला असता. फक्त हा खुळा माणूस अशीच पेटी वाहत, स्वतःला बोल लावत फिरला असता.

"मी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"साखळी गाडीच्या चॅसीतून, म्हणजे सांगाड्यातून घालायची, चाकातून नाही. चाक काय, काढता येतं. सगळ्यात महत्त्वाचं ते हेच. मी सायकल घेऊन आलेल्या पोरांनाही सांगते. झोपेतून उठवलं तरी सांगेन. तुम्हाला तेवढं नाही सांगितलं. कारण... मीसुद्धा तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"दिवसभर लोकांचे डोळे तपासता ना? मग दिसत नाही का?"

तो बघत राहिला. तिने डोळे खाली घातले नाहीत. डावा जरा बारीक झाला, तेवढंच.

"दिसतंय," तो हळूच म्हणाला. "पण... खात्रीसाठी पुन्हा एकदा तपासावं लागेल. रोज यावं लागेल."

"या ना. उद्या कुठली शाळा आहे?"

"लांबची. दोन बस बदलाव्या लागतात."

"माझी स्कूटर आहे. पेटी मागे तुम्ही धरायची. कुलूप मात्र मीच लावणार."

आतून मोठ्ठा खोकला आला आणि पाठोपाठ बाबा.

"बैल गेला आणि झोपा केला, हे नुसतं ऐकून होतो," ते म्हणाले. "आज बघितलंही. गाडी गेल्यावर ढीगभर कुलपं घेणारा हा, आणि ती त्याला विकणारी माझी पोर! बरी जोडी जमलीय."

"बाबा, पाटी उतरवू का?" किल्लीने विचारलं.

बाबांनी आधी पाटीकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं. "पाटी कशाला? खोटं तेवढं उतरवू," ते म्हणाले, आणि रंगाचा डबा शोधायला गेले.

आता दारातली ती बारीक साखळी काढून टाकलीय. तिथे एक मोटरसायकलचं चाक लटकतंय, जाड साखळीत कुलूपबंद. 'कसं लावू नये ते कळावं म्हणून,' किल्ली सांगते, आणि एक जुनीच पण दणकट मोटरसायकल दाराशी लावणारा डोळेवाला, साखळी चॅसीतून ओवता ओवता, आधी डोळ्यांनी हसतो आणि मग तोंडाने.

पाटीवर खाली, ताज्या रंगात, दोन शब्द वाढलेत – 'एक सोडून.'

"ती एक कोणाची हो?" प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं.

"जावयाची," बाबा म्हणतात आणि कटर पुढे सरकवतात. "तोडा."