चर्चमागच्या कुरणातली पाव पेनी

“आजोबांनी नाणी स्वतःच पुरली? आपल्या आजोबांनी?”

हेस्टर एवढ्या जोरात ओरडली, की तिच्या धाकट्या भावाच्या, नेडच्या हातातला टोस्ट सटकला आणि नेमका जाम लावलेल्या बाजूने जमिनीवर पडला.

“मी नाही म्हणत गं! ग्रिमवेडसाहेब म्हणतायत!” मेबल धापा टाकत म्हणाली. शेजारच्या घरातून कुंपणावरून उडी मारून ती थेट स्वयंपाकघरात आली होती. “शनिवारी डिटेक्टर क्लबची सभा आहे. तुमच्या आजोबांना काढून टाकणार!”

ईस्टरच्या सुट्टीचा सगळा आनंदच मावळला.

हेस्टरचे आजोबा, अमॉस कॅचपोल, तीस वर्षं धातू शोधणारं डिटेक्टर यंत्र घेऊन इंग्लंडमधल्या सफोकची शेतं पालथी घालत होते. यंत्र वाजलं की हलक्या हाताने खणायचं, आणि झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तशी माती परत सारखी करायची. गेल्याच आठवड्यात चर्चमागच्या कुरणात त्यांना चांदीच्या दोन अर्ध्या पेनी मिळाल्या. आठशे वर्षांपूर्वी सुटे नसले की लोक नाण्यावरच्या क्रुसाच्या रेषेवर कात्री चालवायचे. अर्धा तुकडा म्हणजे अर्धी पेनी, चतकोर तुकडा म्हणजे पाव!

पण ते कुरण क्लबने त्याआधी तीनदा विंचरलं होतं, आणि कुणालाच काही मिळालं नव्हतं. म्हणून सचिव बर्नार्ड ग्रिमवेड यांनी ठरवून टाकलं, की अमॉसने नाणी बाजारातून आणून तिथे पुरली!

आजोबा बशा धूत चर्चमधलं भजन गुणगुणत होते.

“आजोबा, तुम्ही बोलत का नाही काही?”

“बोललो की. मला मिळाली, म्हणालो. आणखी काय बोलू, पोरी?” ते म्हणाले, आणि पुन्हा गाऊ लागले. पण तिसऱ्या कडव्यात मध्येच थांबले. भजन अर्धवट सोडलेलं हेस्टरने कधी ऐकलं नव्हतं.

“विचार करा!” ती अंगणात येऊन म्हणाली. “नाणी खरंच तिथे असतील, तर बाकीच्यांची यंत्रंही वाजली असणार. मग त्यांनी काय खणून काढलं?”

“कचरा,” नेड म्हणाला. “डब्यांची टोपणं, चॉकलेटची चांदी. ग्रिमवेडसाहेब सगळं आइस्क्रीमच्या डब्यांत भरतात. दर शेताचा वेगळा डबा!”

दोघी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

“नेड, तू कधीकधी माणसात येतोस हं!” मेबल म्हणाली.

शाळेसाठी कचऱ्याचा तक्ता करायचाय म्हटल्यावर ग्रिमवेडसाहेब तर खूशच झाले. “जमिनीतल्या कचऱ्यावर तक्ता करताय? शाब्बास! हा घ्या. ‘चर्चमागचं कुरण, चौदा मार्च.’ मीच भरला, मीच चिकटपट्टी लावली, वर माझी सही. शिस्त म्हणतात ती ही!”

“म्हणजे नंतर कुणी उघडलाच नाही?” मेबलने भाबडा चेहरा करून विचारलं.

“कुणाची हिंमत आहे!”

घरी येताच नेडने नख पट्टीखाली घातलं. “खबरदार!” हेस्टरने डबा हिसकावून घेतला. “आपण उघडला, तर आपणच आत टाकलं म्हणतील. सभेतच उघडायचा!”

“आणि आत नुसती टोपणं निघाली तर?”

हेस्टरने डबा कपाटावर, नेडचा हात पोचणार नाही असा ठेवून दिला.

शनिवारी दुपारी गावच्या सभागृहात चहा-केकबरोबर सभा बसली. सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या ओकेंडनबाईही आल्या होत्या. ग्रिमवेडसाहेब बोलायला उठले, तोच हेस्टरने डबा टेबलावर ठेवला.

“आधी हा उघडा. पट्टी तुमची, सही तुमची, तारीखही तुमचीच. आजोबांच्या आधीची!”

“कचरा आहे तो, मुली!”

“मग उघडायला काय हरकत आहे?” ओकेंडनबाई म्हणाल्या.

डबा पालथा झाला. टोपणं... खिळे... काडतुसाच्या टोप्या... हेस्टरचे कान तापले. कुणीतरी मागे फिसकन हसलं. आजोबा मात्र खाली बघत होते.

“ही चॉकलेटची चांदी वाकत का नाही?” नेडने मातीने माखलेला एक तिकोनी तुकडा उचलला आणि अंगठ्याने घासायला गेला.

“घासू नकोस!” अख्खं सभागृह ओरडलं. जुनं नाणं घासून त्यावरची अक्षरं झिजवणं म्हणजे केवढं पाप, हे तिथे चहा ओतणाऱ्यालाही ठाऊक होतं!

ओकेंडनबाईंनी त्यावर पाण्याचे चार थेंब सोडले. माती ओघळली. क्रुसाची कडा, आणि तिच्याशेजारी इवलीशी दोन अक्षरं.

“पाव पेनी! अमॉसच्या नाण्यांच्याच काळातली!” बाई म्हणाल्या. “बर्नार्ड, ही तुम्हाला त्यांच्याआधी मिळाली होती. कुरणात नाणी होतीच!”

टाळ्यांनी खिडक्या हादरल्या. “आणि डबा बंदचा बंद आणलात, पोरांनो! मोठ्या मोठ्यांना इतका धीर निघत नाही!” असं म्हणत बाईंनी वही उघडली. “शोधणाऱ्याचं नाव?”

“हेस्टर!” नेड ओरडला.

“नाही रे बाळा,” आजोबा म्हणाले. “जमिनीतून काढली बर्नार्डने. त्याचंच नाव लिहा.”

ग्रिमवेडसाहेबांचा चेहरा बिटासारखा लाल झाला. ते टेबलाला वळसा घालून आजोबांसमोर आले.

“चुकलो, अमॉस. सगळ्यांदेखत बोललो होतो, सगळ्यांदेखत माफी मागतो. उद्या कुरणात येशील माझ्याबरोबर? बघायचं कसं, ते शिकव मला.”

“उद्या रविवार. आधी प्रार्थना, मग कुरण.”

“मग प्रार्थनेलाही येतो.”

“ये की!” आजोबांनी त्यांचा हात हातात घेतला. “फक्त गाऊ नकोस, बर्नार्ड. देवासाठी तेवढं कर!”